आईच्या टेबलावरची माती

एप्रिल सरत आला की आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत पिशव्यांची थप्पी लागते. कापडी पिशव्या, किराण्याच्या पिशव्या, बियाण्याची रिकामी पाकिटं, कधी तर मिठाईच्या डब्यात भरून आलेली माती. प्रत्येकीत एक चिठ्ठी असते. कास्तकाराचं नाव, गाव, तालुका, गट नंबर, मागच्या हंगामात काय होतं आणि यंदा काय घ्यायचं आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडची पिशवी असली की बहुधा संत्र्याचा बगीचा. भिवापूरकडची असली की मिरची. रामटेक, मौद्याकडून धान. आणि सगळीकडूनच पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर, सोयाबीन. मृग लागायच्या आत, खताच्या दुकानांपुढे गर्दी व्हायच्या आत या सगळ्यांना उत्तर हवं असतं. त्यामुळे नागपुरात पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा आमचं काम ऐन भरात असतं, आणि पोरांच्या सुट्ट्याही नेमक्या तेव्हाच असतात.

माझा मुलगा यंदा पाचवीत जाईल. मे महिन्यात आई उशिरा येते, आली की तिच्या ओढणीला मातीचा वास असतो, जेवताना ती फारशी बोलत नाही, एवढंच माझं काम त्याला ठाऊक होतं. एका रात्री त्यानं सरळ विचारलं, "माती तर माती. त्यात रोज काय बघते तू?" विचारण्यात कुरकुर होती, पण प्रश्न खरा होता आणि बसल्या जागी सांगून भागणारा नव्हता. त्याच आठवड्यात सासूबाई लग्नाला वर्ध्याला गेल्या, शेजारच्या काकूही गावाला निघाल्या. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "आणा ना मॅडम. फक्त अ‍ॅसिडच्या खोलीत नको." ही अट मी स्वतःच घालणार होते.

आदल्या रात्री त्याला नियम सांगितले. बंद बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आत काही खायचं-प्यायचं नाही, कुठल्याही बाटलीला हात लावायचा नाही, आणि काचेच्या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. ज्यांना मुलाला कामावर न्यायचं आहे त्यांनी हे आधी करावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या कामाची जागा आपल्या अंगवळणी पडलेली असते, म्हणून तिच्यातला धोका आपल्याला दिसेनासा होतो. मुलाच्या उंचीवरून ती जागा एकदा नजरेखालून घातली की गरम प्लेट, लोंबणारी वायर, टेबलाच्या काठावरचं चंचुपात्र हे सगळं नव्यानं दिसतं.

सकाळी मेट्रोनं गेलो. त्याचा अर्धा उत्साह मेट्रोचाच होता.

पहिले दोन तास तो माझ्याकडे नव्हताच, आमच्या मदतनीस काकांकडे होता. काका नमुने वाळवतात, कुटतात, चाळतात. वर्षानुवर्षं हेच काम करत आले आहेत आणि पिशवीत हात घालून माती कोणत्या तालुक्यातली असेल ते बहुतेक वेळा बरोबर सांगतात. त्यांनी त्याला वाळवणाच्या खोलीत नेलं. जमिनीवर कागद अंथरलेले, प्रत्येकावर एकेक नमुना पसरलेला. मुलानं विचारलं, उन्हात का नाही घालत, बाहेर इतकं ऊन आहे? काका म्हणाले, उन्हात माती भाजते, मग ती वावरातली राहत नाही. त्यानं हे माझ्याकडे येऊन तपासून घेतलं. काकांचं बरोबर होतं. कडक उन्हानं, भट्टीनं मातीतल्या काही अन्नद्रव्यांचं प्रमाण बदलतं, म्हणून सावलीतच वाळवायची.

मग कुटणं. आमच्याकडे लाकडी खल आणि लाकडी मोगरी आहे. लोखंडी का नाही, तर पुढे आपण याच मातीत लोह आणि जस्त मोजणार असतो, खलाचं लोखंड त्यात उतरलं तर आकडा खलाचा येईल, वावराचा नाही. हे त्याला इतकं आवडलं की तो दिवसभर ज्याला त्याला सांगत होता. कुटून झालं की 2 मिलिमीटरची चाळणी. वर राहिले ते खडे, मुळ्या, काडीकचरा.

काकांनी त्याला नमुन्याचे चार भाग करायला शिकवलं, ते मी दुरून पाहत होते. नमुना जास्त आला की तो कमी कसा करायचा याची ही रीत आहे, शेतकऱ्यांनाही आम्ही हीच सांगतो. मातीचा गोल ढीग करायचा, वरून हातानं सपाट करायचा, पट्टीनं फुली मारून चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा एकत्र करून ढीग करायचा, पुन्हा फुली. अर्धा किलो उरेपर्यंत. माझा लेक, जो गणिताच्या वहीत पट्टी वापरायचा कंटाळा करतो, जीभ दातांत धरून फुली सरळ यावी म्हणून धडपडत होता. पहिल्यांदा त्यानं शेजारशेजारचे भाग काढले. काकांनी काही न बोलता ते परत ढिगात लोटले आणि पट्टी त्याच्या हातात दिली. दुसऱ्यांदा त्यानं बरोबर केलं. काका त्याला ओरडले नाहीत आणि शाबासकीही दिली नाही. कामाच्या जागी मोठी माणसं एकमेकांशी जशी वागतात तसे ते त्याच्याशी वागले. घरी हे त्याला कोण देणार? घरी आम्ही एकतर कौतुक करतो नाहीतर रागावतो.

दोन नमुने शेजारी पसरलेले होते. एक काटोलकडचा, काळाभोर, वाळल्यावर ढेकळं दगडासारखी. दुसरा रामटेककडच्या धानाच्या बांधीतला, फिकट. एकाच जिल्ह्यातल्या दोन माती इतक्या वेगळ्या कशा, हा त्याचा प्रश्न. मग मी त्याला खिडकीशी नेऊन सांगितलं की नागपूर शहर एका शिवेवर बसलं आहे. पश्चिमेला दख्खनच्या लाव्ह्याचा काळा दगड, सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती त्याच दगडाची, सेमिनरी हिल्सही त्याच. पूर्वेकडे गेलं की तो लाव्हा संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात, कामठीचा वाळूचा दगड, त्याच्यापुढे आणखी जुने. काळा दगड झिजून काळी माती झाली. ती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. "म्हणजे आपण मेट्रोनं एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जातो?" त्यानं विचारलं. प्रजापतीनगरहून लोकमान्यनगरकडे जाताना जवळजवळ तसंच.

दुपारी जेवायला बाहेर कडुनिंबाखाली गेलो. तिथं तर्री पोह्यांचा ठेला असतो. सावलीत एक म्हातारे कास्तकार बसले होते. कळमेश्वरकडून आलेले, पिशवी मागच्या आठवड्यात देऊन गेलेले. मला पाहून उठले.

"मॅडम, माह्या मातीचं झालं काय?"

"नाही काका, अजून चार दिवस लागतील. खूप नमुने आहेत."

"बरं," म्हणाले आणि पुन्हा बसले. रागावले नाहीत. मग मुलाकडे पाहून, "काऊन रे बाबू, मॅडमचा पोट्टा काय तू?"

त्यांचं दुखणं आमच्या टेबलावर नेहमी येणारं. संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडून राहिली, शिरा तेवढ्या हिरव्या. औषध मारून मारून थकले. त्यांच्या पिशवीतले चाळणीवर राहिलेले खडे मी सकाळीच पाहिले होते, पांढरट, ओबडधोबड, हरभऱ्याएवढे. मुलाला आत पाठवून काकांकडून त्यातले दोन-तीन मागवले. पोह्यांबरोबर आलेली लिंबाची फोड होतीच. खडा फरशीच्या तुकड्यावर ठेवला आणि त्याला पिळायला सांगितलं.

रस पडला तिथं बारीक बुडबुडे आले. कानाशी नेलं तर चुरचुर ऐकू येत होती.

"बाप्पा! लिंबानं उकयते काय हे!" म्हातारेबाबा खाली वाकले. "हे गोटे तं आमच्या बगीच्यात लय हायेत."

चुनखडी. प्रयोगशाळेत आम्ही हेच सौम्य अ‍ॅसिड टाकून पाहतो, लिंबानंही कळतं. चुनखडी जास्त असली की मातीचा सामू, म्हणजे पीएच, आठाच्या वर जातो आणि लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. मुलानं लगेच उपाय काढला, मग झाडाजवळ लोखंडाचे खिळे पुरा ना. म्हातारेबाबा म्हणाले, "माह्या बुढ्यानं ठोकले होते ना बाबू झाडाले. काई नाई झालं." त्या दोघांना मी सांगितलं की तिजोरीत पैसे आहेत, किल्ली हरवली आहे, वरून आणखी पैसे टाकून काय होणार? सध्याच्या झाडांना फेरस सल्फेटची, म्हणजे लोहाच्या क्षाराची, पानांवर फवारणी, आळ्यात भरपूर कुजलेलं शेणखत, गंधक. आणि नवीन कलमं लावाल तेव्हा खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं ते, कोणता ते विचारून घ्या, आपल्याकडे संत्रा जंबेरीवर बांधतात तसा रंगपूरवरही बांधतात, चुनखडीच्या जमिनीत रंगपूर बरा तग धरतो. अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथं एकदा जाऊन दाखवा. हे सगळं बोलताना मुलगा माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होता ती मला नवी होती. घरी त्याला भेटते ती आठ-नऊ तास वापरून झालेली आई. जिच्या बोलण्याकडे कोणी म्हातारा माणूस कान देऊन ऐकतो, ती आई त्यानं पाहिली नव्हती. आणि चार दिवस थांबा म्हटल्यावर जिला वाईट वाटतं, तीही नाही.

मला या दिवसातून काही हवं होतं तर ते हेच. अमेरिकेत 1993 पासून एप्रिलमधल्या एका गुरुवारी मुलींना आईवडिलांच्या कामाच्या जागी नेण्याचा दिवस पाळतात, 2003 पासून त्यात मुलगेही आले. मुलींना कळावं की ही कामं त्यांचीही आहेत, हा मूळ हेतू, आणि तो मोलाचा आहे. पण माझ्या मुलानं माती तपासावी असं माझ्या मनात नाही. तो काय होईल ते होवो. आपली आई कोणाला तरी उत्तर द्यायला बांधलेली आहे, साहेबांना तर आहेच, पण त्याहून जास्त त्या कडुनिंबाखाली बसलेल्या माणसाला, हे त्याला दिसावं अशी माझी इच्छा होती. मे महिन्यात मी उशिरा येते तेव्हा ती वेळ कुठे जाते, हे त्याला तोंडानं नाही, डोळ्यांनी कळावं.

त्याच दुपारी उमरेडकडच्या एक बाई पिशवी घेऊन आल्या, कडेवर दीड-दोन वर्षांचं बाळ. मी चिठ्ठी लिहून देईपर्यंत माझा मुलगा बाळाला चाळणी दाखवत होता. सहज विचारलं, याला सांभाळायला घरी कोणी नाही? "कोन सांभाळीन बाई? कापूस वेचाले जातो तवा बी यालेच नेतो. धुऱ्यावरच्या बाभळीले लुगड्याची झोळी बांधतो." माझ्या मुलाचं माझ्या कामावर येणं हे आमच्या घरातलं अप्रूप होतं. तिच्या मुलाला तर कामावर नसण्याची सोयच नाही. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. जिथं 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी आहेत तिथं पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता आलं पाहिजे. 2005 च्या रोजगार हमी कायद्यानंही कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायला सांगितलं. पण चार बाया घेऊन कापूस वेचणाऱ्या वावराला कुठला 50 चा आकडा? विदर्भातला पांढऱ्या सोन्याचा सगळा डोलारा ज्या बायांच्या बोटांवर उभा आहे, त्यांची पोरं नोव्हेंबरच्या थंडीत धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, झोळीत असतात. गावातली अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी राहिली, निदान वेचणीच्या दिवसांत, तर किती फरक पडेल. हे मी जमेल तिथं बोलते, इथंही लिहून ठेवते.

तीन वाजल्यानंतर तो कंटाळला. दोन खुर्च्या जोडून झोपला, उठून कूलरसमोर उभा राहिला, आकडे भरायच्या संगणकाजवळ घुटमळला. शेतकऱ्याला आम्ही जे कार्ड देतो त्या माती आरोग्य पत्रिकेवर 12 घटकांचे आकडे असतात, ते एकेक करून भरताना पाहणं कोणालाच रंजक वाटणार नाही. कंटाळाही कामाचाच भाग आहे, तोही त्यानं पाहिला ते बरं झालं.

साडेचारला मी सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीत कुजून मिसळलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन, मोजायचे फ्लास्क बाहेरच्या टेबलावर आणले. अ‍ॅसिड घालायचं काम आतल्या खोलीत सकाळीच उरकलं होतं, अर्धा तास ठेवून, पाणी घालून ते निवले होते. तरी त्याला चष्मा लावला आणि टेबलाच्या पलीकडे, हात पोचणार नाही इतका दूर, स्टुलावर उभं केलं. ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या तोटीच्या काचनळीतून, थेंब सोडायचे आणि फ्लास्क हलवत राहायचा. आतला रंग गडद जांभळा-निळा. बराच वेळ काही होत नाही. मग एका थेंबाला निळा डगमगतो, आणि त्याच्या पुढच्याच थेंबाला सगळा फ्लास्क लख्ख हिरवा. तो मोठ्यानं ओरडला. इतकी वर्षं झाली तरी मलाही तो थेंब आवडतो.

प्रत्येक नमुना आम्ही दोनदा करतो. एका नमुन्याचे दोन आकडे जुळेनात. एकात कर्ब 0.35 टक्के, दुसऱ्यात 0.47. कुठंतरी वजनात किंवा थेंबात फरक पडला होता. 0.40 च्या खाली कर्ब कमी धरतात, वर गेला की मध्यम, आणि खताची मात्रा त्यावरून ठरते. म्हणजे तिसऱ्यांदा करायला हवं. पुन्हा वजन, पुन्हा अर्धा तास थांबणं. मुलाला साडेपाचची मेट्रो कबूल केली होती.

"उद्या कर ना," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "मधला आकडा लिही."

मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्यानं नाव वाचलं, गाव वाचलं, 'यंदाचे पीक: कपाशी' वाचलं.

"यांना कळेल, मधला लिहिला तर?"

"नाही कळणार."

"मग?"

"ते माझ्या आकड्यावर खत विकत घेतील. त्यांना कळलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं ना की बाई, चुकलं तुमचं. त्यांना सांगता येणार नाही, म्हणून मलाच बघायला पाहिजे."

तो काही बोलला नाही. चिठ्ठी पिशवीत परत ठेवली आणि स्टुलावर चढून बसला. तिसरा फ्लास्क हिरवा झाला तेव्हा सहा वाजून गेले होते. आकडा 0.36 निघाला. रजिस्टरमध्ये तो त्यानं लिहिला, माझ्या सांगण्यावरून, पेननं, चुकलं तर खोडता येत नाही हे विचारून घेऊन.

परतताना मेट्रोत त्याचे प्रश्न सुरू होते. कर्ब इतका कमी का? ऊन इतकं की मातीतलं कुजलेलं लवकर जळून जातं, आणि पऱ्हाटी उपटली की लोक धुऱ्यावर जाळतात. मग नका जाळू म्हणून सांगत का नाही? सांगतो. ऐकतात? काही ऐकतात. त्याला हे उत्तर फारसं पटलं नाही. मलाही ते रोज पुरेसं वाटतं असं नाही. कार्डावर आकडे छापून देणं आणि ते वावरात उतरणं यात बरंच अंतर आहे, आणि आमच्या टेबलावरून ते अंतर कापता येत नाही. त्यासाठी कोणीतरी गावात जाऊन बसायला लागतं.

चार दिवसांनी ते कळमेश्वरचे म्हातारेबाबा कार्ड न्यायला आले. सामू 8.3, चुनखडी भरपूर, लोह कमी. आकडे समजावून दिल्यावर त्यांनी पहिली चौकशी लिंबू पिळणाऱ्या पोट्ट्याची केली. म्हणाले, बगीच्याच्या दुसऱ्या टोकाची झाडं चांगली हिरवी आहेत, तिथली माती वेगळी काढून आणतो, आणि तुम्ही दोघं या एकदा, मृगाच्या आत. साहेबांना सांगून मी रविवार ठरवला आहे. मुलानं वहीत लिहून घेतलं आहे: झाडाच्या घेराच्या कडेला, बुंध्याजवळ नाही, शेणखताच्या ढिगाजवळ नाही, आठ-दहा ठिकाणी, खड्डा इंग्रजी व्ही अक्षरासारखा. खुरपं लाकडी मिळतं का, हे तो कालपासून विचारतो आहे. काकांनी त्याला सांगितलं, बांबूची कामटी तासून देतो.